तुरुंगातून आलेली पोचपावती

या विश्वस्त निधीला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे, असे चालकांनी सुचविले. विषय मात्र त्यांनी दिला नाही. तो आम्हांस आमच्याच वर्गातील एका मुलीने दिला, आणि तोही नकळत.

त्याची हकीकत अशी. शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यांनी निधीच्या चालकांना आभाराचे पत्र लिहावे, असा येथे रिवाज आहे. मुलांना पत्रलेखनाची सवय नसते, म्हणून दरवर्षी आम्हीच फळ्यावर मसुदा लिहून देतो व मुले तो उतरवून घेतात. त्या मसुद्यात एक वाक्य कित्येक वर्षे ठाण मांडून बसले होते. आपल्या उपकारांच्या ओझ्याखाली आम्ही जन्मभर दबून राहू, असे ते वाक्य. आम्हीच ते रचले होते व त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. नववीतील एक ख्रिस्ती मुलगी त्या वाक्याशी येऊन थांबली. लेखणी खाली ठेवून तिने विचारले, "सर, आमच्या शब्बाथशाळेत शिकवतात, असेल त्या स्थितीत तृप्त राहावं. मग मी अर्ज केला तो चुकला का? आणि मी तृप्त असेन, तर दबून कशी राहू?"

तेवढ्यात घंटा झाली, हे आमचे भाग्य.

आमच्या घरी शुक्र व कनाअत हे दोन शब्द रोजच्या वापरातले आहेत. एकाचा अर्थ मिळाल्याबद्दलची कृतज्ञता, दुसऱ्याचा मिळाले त्यात समाधान. त्यांच्या आधारे काही उत्तर आम्हांस देता आले असते. परंतु प्रश्न तिच्या ग्रंथातून निघाला होता, तेव्हा उत्तरही तेथेच शोधावे हे न्यायाचे. एका सहशिक्षकांकडून आम्ही नवा करार मागून आणला आणि दिवाळीच्या सुट्टीत, परक्याच्या घरात शिरताना वहाणा बाहेर काढून ठेवाव्यात तशा वृत्तीने, तो वाचला. मुलीच्या मनात जे वचन होते ते पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. ते पत्र आम्ही पुनःपुन्हा वाचले. जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत. जाणत्या ख्रिस्ती वाचकांस यात नवे काही वाटणार नाही. त्यांनी आमची चूक दिसल्यास सांभाळून घ्यावी.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, हे प्रवचन नव्हे; हे एका कैद्याचे पत्र आहे. पौल त्या वेळी बंदिवासात होता. रोममध्ये होता असे परंपरा सांगते. कैसरियात किंवा इफिसात होता असेही काही पंडितांचे मत आहे. स्थळ कोणतेही असो, रोमन अमलातील कैद्याला दोन वेळचे जेवण व अंगावरचे पांघरूण बहुधा बाहेरच्या आप्तेष्टांनीच पुरवावे लागे. म्हणजे फिलिप्पै गावच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर जी मदत पाठविली, ती शोभेची भेट नव्हती, पोटाची सोय होती. एपफ्रदीत त्या कामी इतका आजारी पडला की मरता मरता वाचला. तो बरा झाल्यावर पौलाने त्याला परत गावी धाडले आणि त्याच्याच हाती हे पत्र दिले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हे पत्र मदतीची पोचपावती आहे. चार लहान अध्यायांत आनंद हा शब्द निरनिराळ्या रूपांत पंधरा-सोळा वेळा येतो. तुरुंगातील पत्रात तो यावा, याचे नवल वाचकांस सतत वाटत आले आहे.

आम्हांस मात्र नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. मदतीचा उल्लेख अगदी शेवटी येतो, आणि त्या दहा-अकरा ओळींत 'मी तुमचा आभारी आहे' असे साधे वाक्य कोठेच नाही. पत्राच्या आरंभी तो उपकार मानतो, पण ते देवाचे; फिलिप्पैकरांची आठवण झाली की तो देवाची उपकारस्तुती करतो. मदतीविषयी तो काय म्हणतो ते आमच्या शब्दांत असे: तुमची माझ्याविषयीची काळजी पुन्हा पालवली, याचा मला फार आनंद झाला. काळजी तुम्हांला होतीच, संधी नव्हती. मी हे टंचाई आहे म्हणून बोलत नाही. ज्या स्थितीत असेन तीत तृप्त राहण्यास मी शिकलो आहे. तरी पण माझ्या दुःखात तुम्ही भागीदार झालात हे चांगले केलेत.

आमच्या वर्गात कोणी असे आभारपत्र लिहिले असते तर आम्ही त्यावर तांबड्या शाईने 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला असता! पंडितांनीही या भागाला आभाराविना आभार असे नाव ठेवले आहे. मग पौल उद्धट होता काय?

त्याचा उलगडा व्हावा म्हणून त्या काळच्या रोमन समाजाची रीत थोडी पाहावी लागेल. तेथे दान हे क्वचितच नुसते दान असे. ज्याने घेतले तो देणाऱ्याचा आश्रित ठरे. सकाळी उठून त्याच्या दारी मुजऱ्याला जाणे, चारचौघांत त्याचा मोठेपणा गाणे, हे त्याचे कर्तव्य होऊन बसे. द्यावे कसे आणि घ्यावे कसे, हा त्या काळी इतका नाजूक विषय होता की सेनेका या तत्त्ववेत्त्याने उपकार या एकाच विषयावर सात भाग लिहिले. (याच सेनेकाचा भाऊ गल्लियो हा करिंथ येथे प्रांताधिकारी असताना पौलाला त्याच्यापुढे उभे करण्यात आले होते. इतिहासात अशा गाठी पडतात.) पौल या बाबतीत फार सावध होता. करिंथ या श्रीमंत शहरात असताना त्याने तेथील लोकांकडून पै घेतली नाही. अक्विल्ला व प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तो तंबू करण्याचा धंदा करी आणि त्यावर पोट भरी. उणे पडले ते मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी भरून काढले. आता फिलिप्पै हे मासेदोनियातलेच गाव, आणि तिकडच्या मंडळ्या कमालीच्या गरीब होत्या, असे पौलच अन्यत्र लिहितो. श्रीमंतांचे नाकारले आणि गरिबांचे घेतले! याचे कारण आम्हांस असे दिसते की, करिंथच्या पैशाला दोरी बांधलेली होती. फिलिप्पैच्या पैशाला ती नव्हती.

ही दोरी कशी असते ते आम्हांस ठाऊक आहे. १९९२ साली आम्ही सातवीत होतो. एका संस्थेने (तिचे नाव येथे नको) गरजू मुलांना वह्या वाटल्या. आम्हांला व्यासपीठावर ओळीने उभे करण्यात आले, अध्यक्षांचे भाषण पाऊण तास झाले, आणि डझनभर वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून आम्ही फोटोसाठी हसलो. प्रत्येक वहीच्या मुखपृष्ठावर दात्याचे नाव ठसठशीत छापलेले होते व आमचे नाव लिहिण्यासाठी खाली एक बारीक रेघ होती. वर्षभर आम्ही त्रैराशिके त्या नावाखाली सोडविली. वह्या चांगल्या होत्या; कागद जाड होता. त्या नसत्या तर आमचे ते वर्ष अडले असते, हेही खरे. परंतु आजही कृतज्ञता हा शब्द उच्चारला की प्रथम आमच्या छातीवर तो गठ्ठा येतो. आणि तोच माणूस पुढे शिक्षक होऊन फळ्यावर 'दबून राहू' असे लिहितो, याला काय म्हणावे?

पौलाने ही दोरी कशी तोडली ते पाहण्यासारखे आहे. त्याने तृप्त या अर्थी जो ग्रीक शब्द वापरला तो 'औतार्केस'. स्वतःपुरता पुरेसा, दुसऱ्यावर न अवलंबणारा, असा त्याचा अर्थ. स्टोइक तत्त्वज्ञांचा हा आवडता शब्द होता. ज्याला कोणाचीच गरज उरली नाही तो त्यांच्या मते शहाणा. पौल शब्द त्यांचा घेतो, पण त्यात दोन बदल करतो. एक तर ही तृप्ती आपल्या अंगच्या बळाची नव्हे, आपल्याला बळ देणाऱ्याची आहे, असे तो पुढल्याच ओळींत म्हणतो. ज्या वाक्यात तो असे म्हणतो ते ख्रिस्ती घरांतून भिंतीवर लावलेले आढळते, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या कंपासपेटीतही सापडते. देवाच्या बळावर मला सगळे जमेल, मग भूमिती का जमणार नाही, असा मुलांचा हिशेब! मूळ जागी मात्र त्या 'सगळ्या'चा अर्थ विजय असा नाही. भरल्या पोटी राहणे आणि उपाशी राहणे, विपुलता आणि टंचाई, या दोन्हींत पाय न घसरता उभे राहणे, एवढाच तो आहे. भरल्या पोटी राहावयासही शिकावे लागते, ही बारीक गोष्ट त्याने सोडली नाही. 'शिकलो' हे क्रियापदही शिक्षकाच्या नजरेतून सुटणार नाही. जन्मजात शांत स्वभाव तो सांगत नाही. घोकून, चुकून, मार खाऊन आलेला धडा सांगतो.

दुसरा बदल 'तरी पण' या दोन शब्दांत आहे. मला गरज नाही, असे म्हणून स्टोइक तेथेच थांबला असता. पौल म्हणतो, मी तृप्त आहे, तरी पण तुम्ही चांगले केलेत. तृप्त माणसालाही सोबत लागते, आणि सोबत स्वीकारल्याने त्याची तृप्ती कमी होत नाही.

यानंतर तो चक्क जमाखर्चाची भाषा बोलू लागतो. देण्याघेण्याच्या बाबतीत तुमच्यावाचून दुसरी कोणतीही मंडळी माझ्याशी भागीदार झाली नाही. थेस्सलनीकात असतानाही तुम्ही एकदा सोडून दोनदा पाठविले. मला देणगीची हाव नाही, तुमच्या खात्यावर जमा वाढावी अशी इच्छा आहे. आणि मग 'अपेखो' हा शब्द येतो. मिसर देशाच्या वाळूत त्या काळचे जे कागद सापडले, त्यांत सामान्य लोकांच्या पावत्याही आहेत, व रक्कम पूर्ण पोचली या अर्थी त्यांवर हाच शब्द आहे. आडोल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तेव्हा पौल येथे पावतीवर शिक्का मारीत आहे: भरून पावलो, येणे बाकी काही नाही. बाकी नाही म्हणजे त्याच्याकडून फिलिप्पैकरांना काही देणे उरले नाही काय? उरले, पण ते फेडणारा दुसराच आहे. माझा देव तुमची गरज पुरवील, असे तो लिहितो. देणारे, घेणारा आणि दोघांच्या वरचा एक, अशा तिघांच्या या हिशेबात कोणी कोणाखाली दबत नाही. हाच पौलाच्या आभारांचा मासला आहे, आणि आमच्या फळ्यावरील मसुद्याहून तो पुष्कळ सरस आहे, हे कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणेल, तृप्त राहा हे शेवटी गरिबाला गप्प बसविण्याचेच औषध. ही शंका खोटी नाही. ते औषध त्या कामी पुष्कळदा वापरले गेले आहे, आणि सगळ्याच धर्मांत. परंतु हे लिहिणारा माणूस कसा होता, ते फिलिप्पै गावातच घडलेल्या एका प्रसंगावरून पाहावे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तो आला आहे. पौल व सीला यांना तेथे चौकशीवाचून भर चौकात छड्यांनी झोडपले, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकले. मध्यरात्री ते दोघे स्तोत्रे गात होते व बाकीचे कैदी ऐकत होते. भूकंप झाला, दारे उघडली, तरी ते पळाले नाहीत. घाबरून जीव द्यायला निघालेल्या बंदीपालाला त्यांनी ओरडून थांबविले. गोष्ट सांगणारे बहुधा येथेच थांबतात. पण खरी गंमत सकाळची आहे. अधिकाऱ्यांनी शिपाई पाठवून कळविले की त्या माणसांना सोडून द्या. पौल उठला नाही. आम्ही रोमन नागरिक, आम्हांला न्याय न करता चारचौघांत मारले आणि आता गुपचूप बाहेर काढता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे! अधिकारी आले, त्यांनी विनवणी केली, तेव्हा तो बाहेर पडला, आणि प्रथम जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियाच्या घरी गेला. रात्री खोड्यात गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच आहे. तृप्ती म्हणजे मुकाट्याने सोसणे, असे ज्याला शिकवावयाचे असेल त्याने हा अध्याय मुलांपासून लपवून ठेवावा.

व्याकरण शिकविणाऱ्याच्या नजरेला आणखी एक दिसले. 'मी तृप्त राहण्यास शिकलो आहे' हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. आज्ञार्थी वाक्ये नव्या करारात नाहीत असे नव्हे. योहान बाप्तिस्मा करणाराने तुमच्या पगारात तृप्त राहा असे सांगितले आहे. पण ते कोणाला? शिपायांना, आणि लोकांना धाकदपटशा करून लुबाडू नका, याच्या जोडीला. उघड्या व उपाशी माणसाला मात्र नुसते ऊब घे, तृप्त हो असे सांगून पाठविणाऱ्याची याकोबाच्या पत्रात हजेरी घेतली आहे. स्वतःविषयी म्हणावे, बळवंतांना सांगावे, आणि भुकेल्याला आधी जेवू घालावे, असा हा क्रम आम्ही समजतो.

मराठी ख्रिस्ती चरित्रांत हा क्रम चुकल्याची व साधल्याचीही उदाहरणे आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे समाधान कोणी नाकारणार नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवाही सोडली. पण त्यांच्या उदार हाताच्या मागे रिकामे डबे घेऊन उभ्या असलेल्या लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, म्हणून त्या समाधानाला घरात काय किंमत पडे ते आपल्याला कळले. बाई ते हसत सांगतात. वाचणाऱ्याला मात्र दरवेळी हसू येत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आमच्या प्रश्नाला अधिक नेमके लागू पडते. १८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांना व लहानग्या मनोरमेला थारा दिला, आणि तेथेच त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशप लोकांनी हरकत घेतली. धर्मतत्त्वांविषयीही रमाबाई आपल्या बुद्धीला न पटलेले मान्य करीनात. ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या पत्रांत आजीबाई म्हणत, त्यांना हा गर्व वाटला. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. अन्नवस्त्र आणि माया यांचे ऋण रमाबाई कोठेही नाकारीत नाहीत. पण त्या ऋणाच्या पोटी सदसद्विवेक गहाण टाकण्यास तयार होत नाहीत. पुढे १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी मंडळ निघाले, त्याने दहा वर्षे मदतीची हमी घेतली, व त्या बळावर १८८९ साली मुंबईस शारदा सदन उघडले. मुदत संपल्यावर १८९८ साली रमाबाई स्वतः अमेरिकेस जाऊन त्या लोकांपुढे उभ्या राहिल्या. पोचपावती देण्याची हीही एक पद्धत झाली.

मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले. तृप्त माणसाने अर्ज करावा काय? ते उत्तर त्याच अध्यायात, थोडे वर, आम्हांस सापडले. कशाची चिंता करू नका, तर उपकारस्तुतीसह आपली मागणी देवाला कळवा, अशा अर्थाचे तेथे वचन आहे. मागणे आणि आभार एकाच वाक्यात, एकाच श्वासात. मागणे हा तृप्तीचा भंग असता तर ते दोन्ही शेजारी बसले नसते.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा आम्ही फळ्यावर मसुदा लिहिला नाही. पत्रात तीन गोष्टी याव्यात, एवढेच सांगितले: काय मिळाले, त्याचे काय झाले, आणि तुम्हांला आणखी जे म्हणावेसे वाटेल ते. मुलांची धांदल उडाली. दोघांनी मागच्या वर्षीच्या वहीतून जुने वाक्य शोधून उतरविले. सवय आमचीच, दोष त्यांना कसा द्यावा! त्या मुलीचे पत्र सहा ओळींचे झाले. शिष्यवृत्तीची रक्कम पूर्ण पोचली. तीतून फी भरली व उरलेल्या पैशांत शब्दकोश घेतला. तो आता धाकटा भाऊही वापरतो. मागच्या वर्षी फीसाठी आईने शेजारणीकडून उसने घेतले होते, यंदा घ्यावे लागले नाही, म्हणून आई आणि मी रविवारी देवळात तुमच्यासाठी उपकारस्तुती केली. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज करणार आहे.

शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या तेवढ्या दुरुस्त करून आम्ही पत्र लिफाफ्यात घातले.